साखरपुड्याचे अठराशे फोटो

आपल्या हॉस्टेलमध्ये सध्या दोनच प्रकारचे लोक आहेत. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे ते, आणि ज्यांनी त्यांचा कॅमेरा उसना घेतलाय ते! फेस्ट झाला, इंडस्ट्रियल व्हिजिट झाली, की लगेच नावापुढे ‘फोटोग्राफी’ लावून इन्स्टाग्रामवर पेज तयार. त्यात वाईट काहीच नाही. फेस्टचे फोटो बिघडले म्हणून कोणी रडत नाही. पण यातल्याच कोणाला तरी पुढे एखाद्या चुलत बहिणीच्या साखरपुड्याची ऑर्डर मिळते आणि मग खरा पेपर सुरू होतो. फोटो काढण्याचा नाही हो, ते जमतं. काढलेल्यांपैकी कोणते द्यायचे आणि कसे दाखवायचे, याचा. या विषयावर माझं एक ठाम मत आहे. (मराठी माझं कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची!)

मत असं, की ग्राहकाला सगळेच्या सगळे फोटो देणं हा प्रामाणिकपणा नाही, कामचुकारपणा आहे.

आता हे बोलणारी मी कोण? मी बदलापूरची. माझा मावसभाऊ तिथे समारंभांचे फोटो काढतो आणि गेली दोन वर्षं सुट्टीत मी दुसरा कॅमेरा घेऊन त्याच्याबरोबर जाते. मुलगी असल्यामुळे नवरीच्या खोलीत मला कोणी अडवत नाही, हेच माझं क्वालिफिकेशन. आमचा पट्टा मोठा मजेदार आहे. बदलापुरात साखरपुडा, आणि लोकलने अंबरनाथ ओलांडून उल्हासनगरात उतरलं की सिंधी घरात ‘पक्की मिस्री’. फाळणीनंतर कॅम्पात राहायला आलेल्या माणसांनी हा विधीसुद्धा बरोबर आणला. मिस्री म्हणजे खडीसाखरच. भाषा दोन, पण सोयरीक दोन्हीकडे साखरेनेच पक्की होते. आणि फोटोंची रड दोन्हीकडे सारखीच!

थोडं गणित करू, इंजिनीअरिंगचे विद्यार्थी आहोत. साखरपुडा अडीच-तीन तासांचा. दोन कॅमेरे मिळून अठराशे क्लिक सहज होतात. एका फोटोला तीन सेकंद धरले तर ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास. तोही एकदाच, न थांबता, ‘अगं ही कोण?’ असं कोणी न विचारता. फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो असायचे. पाच रोल म्हणजे १८०. तेव्हा निवड क्लिक करण्याआधीच व्हायची, कारण प्रत्येक क्लिक खिशाला चटका देत होता. आता क्लिक फुकट झाला, म्हणून निवड नंतरवर गेली आणि ‘नंतर’ कोणीच ती करत नाही. सबमिशनचं होतं तसंच.

मग फोटोग्राफर काय करतो? सगळा ढीग पेन ड्राइव्हमध्ये ओततो किंवा ड्राइव्हची लिंक पाठवतो आणि म्हणतो, ‘‘काका, अल्बमसाठी सिलेक्शन करून नंबर कळवा.’’ पहिल्या संध्याकाळी घरात उत्साह असतो. दोनशेव्या फोटोला बाबांना डुलकी लागते. नवरी आपले केस नीट दिसणारे तेवढे निवडते. नवऱ्या मुलाकडची यादी वेगळी येते. त्यात लग्नाची खरेदी सुरू होते आणि नंबरांचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली राहतो. आमच्या ओळखीत एक जोडपं आहे, त्यांचा मुलगा आता बालवाडीत जातो आणि साखरपुड्याचं सिलेक्शन अजून चालूच आहे!

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सिग्नल आणि नॉइज सांगायला नको. तीच अंगठी बावीस फ्रेममध्ये असेल, तर एकवीस फ्रेम नॉइज. तो गाळायचं काम ज्याला हत्यार कळतं त्याचं. रॉबर्ट फ्रँक नावाच्या फोटोग्राफरने १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरून सत्तावीस हजारांच्या वर फोटो काढले. १९५८ साली पॅरिसमध्ये त्याचं ‘द अमेरिकन्स’ हे पुस्तक निघालं, त्यात फोटो किती? ८३. आज त्याचं नाव आहे ते त्या ८३ फोटोंमुळे.

पण इथे एक मोठ्ठा पण आहे. फ्रँकला कोणाच्या आत्याला तोंड द्यायचं नव्हतं! आपल्याकडे साखरपुडा दोघांचा नसतो, दोन घरांचा असतो. नवा फोटोग्राफर परदेशी फोटो बघून शिकलेला असतो, त्यामुळे त्याच्या ‘बेस्ट शंभर’मध्ये ऐंशी फोटो नुसते त्या दोघांचे, मागे धूसर दिवे. फोटो सुंदर असतात, वाद नाही. मुरबाडहून एसटीने आलेल्या मामाचा त्यात पत्ताच नसतो. आणि मामा तर नारळ घेऊन पहिल्या रांगेत बसलेला होता. म्हणून आमचा दादा समारंभाआधी नवरीच्या आईकडून एका वहीत नावं लिहून घेतो. आजी कोण, मोठे काका कोण, कोणाचा मान पहिला, कोणाचं कोणाशी पटत नाही (हेही विचारावं लागतं, नाहीतर ग्रुप फोटोला महाभारत). निवड झाली की वही उघडायची आणि एकेका नावापुढे टिक करायची. टिक राहिली तर बाद ढिगात परत शिरायचं. तिथे मामा डोळे अर्धे मिटून का होईना, सापडतोच. तो घ्यायचा. टेक्निकली बाद असलेला फोटो घरासाठी बाद असेलच असं नाही, हे मला कोणत्याही व्हिडिओत कोणी शिकवलं नाही.

बाकी पद्धत सोपी आहे. पहिल्या फेरीत हललेले, डोळे मिटलेले, फ्लॅश न पेटलेले काढायचे. यात जास्त विचार नको, बोट चालत राहिलं पाहिजे. दुसऱ्या फेरीत एकाच क्षणाच्या मालिकेतून एक, फार तर दोन. मग एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. ही रात्र फार महत्त्वाची, कारण ज्या फोटोसाठी आपण स्टूलवर चढून घाम गाळला तो आपल्याला उगाचच भारी वाटत असतो. सकाळी तो साधा दिसतो. असं करत अठराशेचे अडीचशे होतात आणि त्यातून अल्बमचे शंभर-सव्वाशे. करिझ्मा अल्बमच्या पंचवीस शीट धरल्या तर एका शीटवर चार-पाच फोटो, याहून जास्त कोंबले की ती बिस्किटाच्या जाहिरातीसारखी दिसते.

आता एक अवघड गोष्ट. गेल्या वर्षी एका घरी (कोणत्या ते सांगत नाही) नवरीचे वडील नव्हते. ओटी भरायची वेळ आली तेव्हा काकू पुढे झाली आणि नवरीची आई आपसूक मागे सरकून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. तिला कोणी ‘मागे हो’ म्हटलं नाही. म्हणावं लागलं नाही, हेच वाईट. मी त्या दाराचा फोटो काढला. पुढे धूसर ओटी, मागे चौकटीला हात लावून उभी असलेली आई. त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो तोच होता, असं मी आजही म्हणते. दादाने तो निवडीत घेतला नाही. त्याचं म्हणणं, समारंभाला पैसे देऊन बोलावलेल्या माणसाने घराचं दुखणं सगळ्यांसमोर टीव्हीवर लावायचं नसतं. माझं म्हणणं, मग आपण खोटा अल्बम देतोय. आमचं भांडण झालं, चहा थंड झाला. शेवटी तो फोटो आम्ही वेगळा छापला आणि पाकिटात घालून फक्त नवरीच्या हातात दिला. तिने तो बघितला, पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि विचारलं, ‘‘आईचे अजून आहेत?’’ होते. पेढा भरवताना हसणारी आई होती. ते चार अल्बममध्ये गेले. दादा आणि मी यावर अजूनही एकमत नाही. पण कोणता फोटो कोणाला, कधी आणि किती जणांसमोर दाखवायचा हाही निवडीचाच भाग आहे, एवढं दोघांनाही मान्य आहे. ड्राइव्हच्या लिंकला यातलं काही कळत नाही.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे ‘‘जरा उजळ करा ना.’’ हे नवरी स्वतः क्वचितच म्हणते. म्हणते मावशी, नाहीतर शेजारच्या काकू. इथे आपण इंजिनीअर म्हणून नीट बोललं पाहिजे. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य सरासरी १८ टक्के प्रकाश परत फेकणारं, मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरून चालतो. मागे झगझगीत एलईडीची भिंत आणि अंगावर सोनेरी जरीची साडी असली की मीटर फसतो, एक्स्पोजर कमी करतो आणि चेहरा आहे त्यापेक्षा काळवंडतो. वर हॉलचे पिवळे-जांभळे दिवे. हे दुरुस्त करणं आपलं कामच आहे. त्वचेचा जो रंग डोळ्याला दिसला तो फोटोत आणायचा. त्याच्या पुढे स्लायडर ओढला की ती दुरुस्ती राहत नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक लॅबना रंग जुळवण्यासाठी ‘शर्ली’ कार्ड पाठवायची आणि कितीतरी वर्षं त्यावर गोऱ्या बाईचाच चेहरा असे. म्हणजे सावळ्या चेहऱ्याला मशीनकडूनच अन्याय होता. आता मशीन सुधारलं. २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’नेसुद्धा नावातला ‘फेअर’ काढून टाकला. आपण मात्र मुलीच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या दिवशी तिला सांगायचं, की बाई, तुझा रंग आम्ही झाकलाय? आणि झाकला तरी चेहरा पिठासारखा आणि हात जसेच्या तसे, हे दिसतंच! आमचा दादा अशा वेळी एवढंच म्हणतो, ‘‘मावशी, त्या लोकांनी तिला समोर बसून पाहिलंय आणि हो म्हटलंय.’’ मावशी गप्प बसते. कधी कधी नवरी हसते.

दाखवण्याबद्दल थोडंसं. फोटो पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर कधीही पाठवू नका. नेहमीसारखे पाठवले की ते दाबून बारीक होतात आणि मग ‘क्लिअर नाही आलेत’ हे बोलणं आपण ऐकायचं. डॉक्युमेंट म्हणून पाठवता येतात, पण त्यापेक्षा लॅपटॉप घेऊन घरी जा. शक्यतो रविवारी संध्याकाळी, दोन्ही घरची दोन-दोन माणसं असताना, टीव्हीला जोडून. आणि मग तोंड बंद! ‘इथे लाइट कमी होता’, ‘इथे आयएसओ वाढवला’ हे व्हायव्हात सांगायचं, नवरीच्या आईला नाही. आपण स्क्रीनकडे न बघता माणसांकडे बघायचं. कोणत्या फोटोला आजी पुढे सरकते, कुठे सगळे एकदम बोलतात, कुठे शांतता होते. तिथे वहीत नंबर लिहायचा. अल्बमचं सिलेक्शन असं तासाभरात होऊन जातं आणि कोणाला कागदावर नंबर लिहावे लागत नाहीत.

आता कोणी हुशार म्हणेल, की फोटो ग्राहकाचे, तू गाळणारी कोण? मुद्दा बरोबर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ तेच सांगतं. वेगळा करार नसेल तर पैसे देऊन फोटो काढून घेणारा माणूसच त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक. म्हणून बाद केलेले फोटो आम्ही पुसत नाही. वर्षभर ठेवतो आणि मागितले तर देतो. दोन वर्षांत दोघांनी मागितले. पण हाच कायदा दुसऱ्या बाजूनेही वाचा ना! साखरपुडा संपायच्या आत नवरीचा फोटो आपल्या पेजवर टाकून ‘बुकिंग्ज ओपन’ लिहिणाऱ्यांनी तिला विचारलेलं असतं का? तो फोटो तुमच्या कॅमेऱ्यात आहे, म्हणून तुमचा झाला नाही. आम्ही विचारतो. काही घरं नाही म्हणतात. मग पेजवर नुसता पेढ्यांच्या ताटाचा फोटो जातो.

आणि छापील अल्बम एक नाही, दोन. हा मात्र खास बदलापुरी हट्ट आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरात शिरली होती, तेव्हाच्या गोष्टी मी आईकडून ऐकल्यात. २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते मी शाळेत असताना स्वतः पाहिलं. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गाद्यांच्या शेजारी अल्बम वाळत घातलेले होते, पानं एकमेकांना चिकटलेली. साखरपुड्यात दोन घरं असतातच, तेव्हा एक अल्बम मुलीच्या घरी, एक मुलाच्या. दोघंही तळमजल्यावर राहत असतील तर तिसरी प्रत दादा आपल्या कपाटात ठेवतो, वरच्या कप्प्यात. तिचे पैसे लावत नाही.