४८ तासांची दुबई आणि आपले प्रवासवर्णन

गेल्या वीसेक वर्षांत मराठीत प्रवासवर्णनाचा एक उपप्रकार रुजला आहे. समीक्षेने त्याला अद्याप नाव दिलेले नाही. पण दिवाळी अंक आणि रविवारच्या पुरवण्या वाचणाऱ्या कोणालाही तो चटकन ओळखता येईल. लेखक मुलाकडे अमेरिकेला किंवा मुलीकडे लंडनला निघालेला असतो. विमान दुबईला बदलायचे असते. ४८ किंवा ९६ तासांचा ट्रान्झिट व्हिसा मिळतो, आणि घरी परतल्यावर ‘दुबई’ या विषयावर एक सबंध लेख लिहून होतो. त्यात विमानतळाची लखलख असते, बुर्ज खलिफाचा १२४वा मजला असतो, सोन्याचा बाजार, खाडीतली अब्रा, वाळूवर उड्या मारणारी गाडी आणि रात्री तंबूतला नाच असतो. शेवटच्या परिच्छेदात लेखकाला अंगणातली तुळस आठवते.

मुक्काम आखूड होता ही आमची तक्रार नाही. दोन दिवसांत माणसाला पुष्कळ दिसू शकते. विमानाच्या प्रवासाने शिणलेल्या माणसाने दोन घटका मौज करावी आणि ती लिहावी, यालाही आमची हरकत नाही. आमची हरकत आहे ती या लेखांत दिल्या जाणाऱ्या निकालाला. हा निकाल दोनच प्रकारचा असतो. पहिला असा, की माणसाने ठरवले तर वाळवंटातही स्वर्ग उभा राहतो. आपल्याकडे मात्र रस्त्यावरचा खड्डा बुजत नाही. दुसरा असा, की हे सगळे पैशाचे खेळ आहेत. या शहराला इतिहास नाही, संस्कृती नाही. पहिला निकाल भाबड्या लेखकाचा, दुसरा चोखंदळ लेखकाचा, असे आपण मानत आलो. वस्तुतः दोन्ही एकाच समजुतीवर उभे आहेत. तेल सापडण्यापूर्वी तिथे काहीच नव्हते आणि आजही तिथे इमारतींखेरीज काही नाही, ही ती समजूत.

ती समजूत निदान मराठी लेखकाने तरी बाळगू नये. १९३०च्या दशकापर्यंत दुबईची उपजीविका मोत्यांवर होती आणि त्या मोत्यांची एक मोठी पेठ मुंबई ही होती. जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने तो धंदा बुडवला. भारतीय रुपया त्या किनाऱ्यावर चलन म्हणून चालत असे. १९५९ मध्ये भारत सरकारने आखातासाठी वेगळा रुपया काढला, १९६६च्या अवमूल्यनानंतर तो मागे पडला आणि दिरहम आला तो १९७३ मध्ये. तेल सापडले १९६६ साली. खाडीतला गाळ उपसून मोठ्या गलबतांना वाट करून देण्याचे काम त्याआधीच झाले होते. आपला लेखक ज्या सोन्याच्या बाजारात पत्नीसाठी बांगड्या पाहतो, त्या बाजारातले सोने १९६० आणि १९७०च्या दशकांत चोरट्या मार्गाने मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्याला लागत होते. शहराला इतिहास नाही असे म्हणताना आपण त्यातला आपलाच वाटा पुसत असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ललित लेखकाने अर्थशास्त्राचे ग्रंथ उपसावेत काय? तर नाही. भाषेच्या माणसाने भाषेकडे लक्ष दिले तरी आमचे समाधान होईल. दोनच नावे घेऊ. ‘बुर्ज खलिफा’ ही ८२८ मीटर उंचीची इमारत बांधली जात असताना तिचे नाव ‘बुर्ज दुबई’ होते. २००९च्या अखेरीस दुबई कर्जाच्या संकटात सापडली, शेजारच्या अबू धाबीने १० अब्ज डॉलरची मदत केली, आणि ४ जानेवारी २०१० रोजी उद्घाटनाच्या दिवशी इमारतीला अबू धाबीच्या शासकाचे नाव मिळाले. उंचीचे कौतुक करणाऱ्या लेखात या नामांतराला एक ओळही मिळू नये?

दुसरे नाव ‘सोनापूर’. शहराच्या कडेला, मुहैसना भागात, बांधकाम मजुरांची जी वस्ती आहे तिला तिथले हिंदी-उर्दू बोलणारे लोक सोनापूर म्हणतात. सोन्याचे गाव, असा त्याचा सरळ अर्थ. पण मुंबईच्या जुन्या मराठीत सोनापूर म्हणजे स्मशान. मरीन लाइन्सच्या सोनापूरचा उल्लेख कितीतरी जुन्या मजकुरांत येतो. मराठी कान असलेल्या माणसाने हा शब्द ऐकला तर तो क्षणभर थबकेल. दुबईच्या लेखांत हा थबका आम्हांला आढळत नाही, कारण सहलीची बस त्या बाजूला जात नाही आणि लेखकही बसच्या मार्गाबाहेर जात नाही.

संयुक्त अरब अमिरातीच्या लोकसंख्येत परदेशी माणसांचे प्रमाण सुमारे नऊ-दशांश आहे. त्यांत भारतीय सर्वांत अधिक, ३५ लाखांहून जास्त. म्हणजे ४८ तासांच्या मुक्कामात लेखकाशी जो कोणी बोलतो, गाडीवाला, हॉटेलातला पोऱ्या, दुकानदार, तो बहुधा लेखकासारखाच बाहेरून आलेला असतो, आणि बऱ्याचदा आपल्याच उपखंडातला. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ उन्हात काम करून घेण्यास तिथे कायद्याने बंदी आहे. जुलैतल्या दुपारी सामसूम असलेली बांधकामे पाहून ‘किती शांत, शिस्तबद्ध शहर’ असे लिहिणाऱ्याने, काम करणारे गेले कुठे, एवढे तरी विचारायला हवे होते. त्यासाठी ग्रंथालयात जावे लागत नाही. गाडीवाल्याला विचारले तरी तो सांगतो.

पोटासाठी परगावी गेलेला माणूस मराठी प्रवासवर्णनाला परका नाही. आपण ज्या पुस्तकाला मानाचे पान देतो त्या ‘माझा प्रवास’चा नायक विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे निघाला तो देखावे पाहायला नव्हे. घरावर कर्ज होते आणि यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत १८५७ भेटले. १९०७ मध्ये छापले गेलेले ते पुस्तक आजही टवटवीत वाटते, कारण पैसा, अन्न आणि जिवाची भीती यांचा हिशेब त्यात पानोपानी आहे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत सुमारे पावणेतीन वर्षे काढली आणि १८८९ मध्ये जे पुस्तक सिद्ध केले त्याच्या शीर्षकात ‘लोकस्थिति’ आधी आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर ठेवले. हा क्रम आपण विसरलो. रत्नागिरी-रायगडातल्या किती घरांचे छप्पर आखाताच्या पैशाने शाकारले गेले आहे! मल्याळममध्ये २००८ साली बेन्यामिन यांची ‘आडुजीवितम’ ही आखातात फसलेल्या मजुराची कादंबरी आली आणि घराघरांत वाचली गेली. मराठीत आखात म्हटले की आधी आठवते ते सहलीचे वर्णन. याला लेखक जितके जबाबदार तितकेच आपण शिक्षकही. ‘खेळकर शैली’, ‘चित्रदर्शी वर्णन’, ‘सूक्ष्म निरीक्षण’ हे तीन शिक्के आपण उत्तरपत्रिकांतून वर्षानुवर्षे मारून घेतो आणि निरीक्षण कशाचे झाले व कशाचे राहिले हे विचारत नाही.

आम्ही हे जरा चिडून लिहितो आहोत, त्यामागे आमच्या गावाचेही कारण आहे. डिंगोरे हे जुन्नर तालुक्यातले गाव कल्याणहून माळशेज घाट चढून येणाऱ्या हमरस्त्यावर आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग या भागातून सरकते. आमचा परिसर म्हणजे इतरांच्या प्रवासातला चहाचा थांबा. त्या थांब्यावरून लिहिलेले लेखही आम्ही वाचतो. त्यांत धबधबे असतात, धुके असते, पिंपळगाव जोगा धरणावरचे रोहित पक्षी असतात आणि ‘साधीभोळी’ माणसे असतात. कांद्याचा भाव नसतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली, मार्च २०२४ मध्ये अमिरातीसाठी १४,४०० टनांची खास मुभा निघाली आणि मे महिन्यात बंदी उठली. त्या काळात ओतूर-आळेफाट्याच्या बाजारांत दुबईचे नाव ज्या अर्थाने घेतले जात होते, तो अर्थ आमच्यावरच्या लेखांत नाही आणि दुबईवरच्या लेखांतही नाही. परक्याच्या दोन घटकांच्या नजरेत आपण कसे सपाट होतो हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणूनच दुबईला ‘संस्कृती नाही’ असे कोणी लिहिले की आम्हांला ते लागते.

याच तालुक्यातल्या नाणेघाटातून एके काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरला चढत असे. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. एकाने पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने भोजनमंडप. ही माणसे इथे किती दिवस राहिली हे लेखांत नाही. पण या मुलखात माणसांना पाणी लागते आणि जेवण लागते, एवढे त्यांच्या ध्यानात आले होते हे निश्चित. वाटसरूच्या निरीक्षणाचा याहून कडक निकष आम्ही मागत नाही.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रवासवर्णन शिकवताना विद्यार्थ्याला शैलीची वैशिष्ट्ये विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. या लेखात लेखकाशी कोण कोण बोलले? ते लोक काय काम करत होते आणि मूळचे कुठले होते? लेखकाने जी नावे घेतली त्यांतल्या एखाद्या तरी नावाचा त्याने शोध घेतला का? तिन्ही उत्तरे कोरी आली तर तो लेख मुक्कामाच्या तासांचा हिशेब म्हणून वाचावा. शहराविषयीचे मत म्हणून त्याला गुण देऊ नयेत.