आरती येते, पाणी मागता येत नाही

पक्षाघातातून वाचलेले आजोबा सायंकाळच्या आरतीला घरच्यांबरोबर सूर लावतात, शब्दही बरेचसे स्पष्ट उमटतात. आरती संपते आणि तहान लागली असता ‘पाणी’ हा दोन अक्षरांचा शब्द मात्र ओठांवर येत नाही. भजनी मंडळांच्या सोलापुरात हे दृश्य अनेक कुटुंबांना अपरिचित नसावे. घरची माणसे त्याचा अर्थ आपापल्या परीने लावतात. कोणी ही ईश्वराची कृपा मानून तेवढ्यावर समाधान मानतो. कोणी ‘येते सगळे, पण मुद्दाम बोलत नाहीत’ असा ठपका ठेवतो. पहिल्याने प्रयत्न थांबतात, दुसऱ्याने रुग्णाचे मन मोडते.

या विकाराचे नाव वाचाघात. बुद्धी भ्रष्ट झालेली नसते. भाषेचा व्यवहार तेवढा विस्कटलेला असतो. बहुतेक माणसांत तो व्यवहार मुख्यतः डाव्या मेंदूकडे असतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी तपासलेल्या रुग्णाला ‘तान’ एवढेच उच्चारता येई (आपल्या गायकीतील तानेशी त्याचा काही संबंध नाही!). मृत्यूनंतर त्याच्या डाव्या मेंदूच्या पुढील भागात इजा आढळली. गायनात मात्र उजवा मेंदूही मोठा वाटा उचलतो. बोलू न शकणारा, पण प्रार्थनागीते म्हणणारा रुग्ण स्वीडनच्या ओलोफ डालिन यांनी १७४५ मध्येच नोंदवला होता.

या विसंगतीतून उपचार घडवला तो बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी, १९७३ साली. पाठ असलेले गीत म्हणवून घेणे म्हणजे हा उपचार नव्हे. ‘पाणी हवं’सारखे नित्याचे वाक्य दोन स्वरांत बसवायचे, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका द्यायचा. आधी उपचारतज्ज्ञ गुणगुणतो, मग दोघे मिळून गातात, मध्येच तज्ज्ञ गप्प होतो. पुढे प्रश्नाचे उत्तर म्हणून तेच वाक्य येते आणि हळूहळू चाल विरत जाऊन साधे बोलणे उरते. ज्यांना समजते बरेच, पण बोलताना शब्द अडतात, त्यांनाच ही पद्धत मानवते. सरावातील वाक्ये सुधारतात. रोजच्या संभाषणात किती फरक पडतो, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. गुण उजव्या मेंदूचा की ठेक्याचा, हाही वाद मिटलेला नाही.

‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणणे सोपे आहे. ओवी, अभंग, हरिपाठ यांनी सूर आणि शब्द घराघरांत एकत्र नांदवले, हे खरे. पण त्या ठेव्यातून वाचाघाताची शास्त्रशुद्ध उपचारपद्धती उभी करण्याचे काम इतरांनी केले. इंग्रजीत आघात असलेल्या अक्षरावर वरचा स्वर येतो. मराठीत आघात तितका ठळक नसल्याने ती चाल जशीच्या तशी उचलून चालणार नाही. येथे लघु-गुरूंची जाण उपयोगी पडावी. शिवाय सोलापुरात एकट्या मराठीने भागत नाही. पूर्व भागातील विणकर कुटुंबातील आजींच्या जिभेवर आधी ‘नीळ्ळु कावालि’ येईल, सिद्धरामेश्वरांची वचने ऐकत वाढलेल्या गृहस्थांच्या ‘नीरु बेकु’.

जनकल्याण समितीच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून खाट, चाकांची खुर्ची, वॉकर मिळतो. वाचा अशी उसनी देता येत नाही. मात्र प्रशिक्षित तज्ज्ञाने आखून दिलेला सराव घरी करून घेणारे, रुग्णाच्या मातृभाषेचे कार्यकर्ते वस्तीवस्तीत तयार करता येतील. एकेका वाक्यासाठी अनेक दिवस बसण्याची, आणि रुग्ण शब्द शोधत असताना तो आपण न पुरवण्याची, त्यांची तयारी मात्र हवी.