सोनेरी छत आणि सरायवाल्यांची उधारी

१/ ऑस्ट्रियातील इन्सब्रुक हे आल्प्सच्या कुशीतील जुने नगर. इतिहासप्रेमी येथे येतो, दिवसभर राजवैभव पाहतो आणि रात्री साध्या, स्वस्त हॉटेलात पाठ टेकतो. राजवाडा म्हणजे इतिहास आणि हॉटेल म्हणजे केवळ सोय, ही त्याची समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

२/ इन्सब्रुक या नावाचाच अर्थ इन नदीवरील पूल. जर्मनी आणि इटली यांना जोडणारा ब्रेनर खिंडीचा मार्ग येथून जातो. व्यापारी, यात्रेकरू, सैनिक यांचा मुक्काम हा या नगराच्या उपजीविकेचा मोठा आधार होता.

३/ सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने १५०० च्या सुमारास येथील सज्जावर सोन्याचा मुलामा दिलेल्या २,६५७ तांब्याच्या कौलांचे छत चढविले. १५१८ मध्ये तोच सम्राट आजारी अवस्थेत परतला, तेव्हा जुनी देणी थकलेली होती. सरायवाल्यांनी त्याच्या लवाजम्याला आणखी उधारी देण्यास नकार दिला.

४/ सम्राट पुढे निघाला. जानेवारी १५१९ मध्ये वेल्स येथे त्याचे निधन झाले. इन्सब्रुकमधील त्याच्या भव्य स्मारकाभोवती २८ ब्राँझचे पुतळे उभे आहेत. आतील कबर मात्र रिकामी आहे.

५/ छताची कौले मोजली जातात, थकलेली बिले विस्मरणात जातात. ज्यांच्या उधारीवर दरबार पोसला गेला, त्यांना वगळून लिहिलेला इतिहास अपुराच. साध्या खोलीचे भाडे रोख मोजणारा प्रवासी या नगराच्या सर्वांत जुन्या व्यवहारात सहभागी होत असतो.