आधी कागद, मग हातोडा

पवईतल्या एका जुन्या सोसायटीत सध्या पुनर्विकासाची धांदल आहे. काही कुटुंबं घर सोडून भाड्याच्या जागेत गेलीसुद्धा. मागच्या आठवड्यात अशाच एका रिकाम्या घराच्या खिडकीचं ग्रिल दोघं जण कापून काढत होते. महापालिकेची आयओडी, म्हणजे बांधकामाची प्राथमिक परवानगी, अजून आलेली नाही. विचारलं तर म्हणाले, ‘पाडकाम नाही हो, नुसतं भंगार उतरवतोय.’

पाडकाम म्हणतात ते हेच. बुलडोझर फार उशिरा येतो. त्याआधी ग्रिलं जातात, मग दाराच्या चौकटी, नळ, वायरिंग. उघड्या खिडकीतून पावसाचं पाणी आत येतं आणि खालच्या मजल्यावर अजून राहणाऱ्यांच्या छताला ओल धरते. लिफ्ट बिघडली की ‘आता कशाला खर्च’ म्हणून तशीच पडून राहते. शेवटी उरलेली माणसंही कंटाळून निघतात. ज्यांनी करारावर सही केलेली नसते, त्यांच्या हातात तेव्हा घासाघीस करण्यासारखं काहीच उरत नाही. म्हणूनच परवानगीआधीची ही घाई मला संतापजनक वाटते.

घर गेल्यावर काय होतं ते गोरेगावच्या पत्राचाळीला विचारा. सिद्धार्थनगरच्या ६७२ भाडेकरूंचा करार २००८ मध्ये झाला. घरं रिकामी झाली, चाळ जमीनदोस्त झाली, पुढे भाडं बंद झालं आणि काम रखडलं. २०१८ मध्ये म्हाडाने विकासकाचा करार रद्द केला. हक्काच्या घराची वाट पाहण्यात लोकांची पंधराहून अधिक वर्षं गेली. कित्येक जण तर घर न बघताच गेले. तिथे मोठ्या घोटाळ्याचे आरोपही झाले, पण जुनं छप्पर गेलेलं असल्यामुळे रहिवासी पार हतबल झाले.

आणि पवईला तर हे लांबून बघायची गरजच नाही. ६ जून २०२४ ला जयभीमनगरच्या सहाशेच्या आसपास झोपड्या तोडल्या गेल्या. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात राहत्या झोपड्या पाडू नयेत, असा राज्य सरकारचाच २०२१ चा निर्णय असताना! माणसं भर पावसात पदपथावर ताडपत्र्या बांधून राहिली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तपासाचे आदेश झाले. पण त्या पावसाळ्यातल्या रात्री कुठलं न्यायालय परत देणार? चुकीचं बांधकाम नंतर हटवता येतं. पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक २०२२ मध्ये न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. पाडलेल्या घराच्या बाबतीत ती सोय नाही.

सोसायटीच्या सभासदांना माझं कळकळीचं सांगणं आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचे ४ जुलै २०१९ चे पुनर्विकासाचे निर्देश मिळवा आणि वाचा. कायदेशीर मंजुऱ्या हातात आल्यावरच घरं रिकामी करायची, हे त्यात आहे. आयओडीची प्रत स्वतः बघा, अटींचं प्रत्येक पान बघा, विकासकाने बँक हमी दिली आहे का ते विचारा. आणि परवानगीआधी कुणी ग्रिलला हात लावला, तर फोटो काढून भांडुपच्या एस विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. शेजारचं घर रिकामं असेल, तरी द्या.