गादी आधीं, वंशावळ मागून

गेल्या हंगामांत आमच्या सुप्यांत वंशावळ लिहून देणारे एक गृहस्थ उतरले होते. आडनांव, देवक आणि पांच हजार रुपये त्यांच्या हातीं दिले, कीं आठ दिवसांत संगणकावर छापलेला, चौकटींत बसविलेला कागद घरीं येई. त्यांत कुळाचा मूळपुरुष थेट सूर्याला किंवा चंद्राला नेऊन भिडविलेला असे. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वडिलांनीं तो घेतला. त्याच महिन्यांत मुलीची कॉलेजची फी भरावयाची राहिली आणि ती घरीं बसली. आम्हीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "मास्तर, कॉलेज काय, पुढल्या सालींबी हुईल, पण सोयरिकीला कूळ आधीं इचारत्यात." हें उत्तर आमच्या मनांतून जाईना, म्हणून हे चार शब्द.

वंशाचा तोरा मिरवावा तर युरोपांतल्या राजघराण्यांनीं, असें पुष्कळांस वाटतें. तर तिकडचाच मासला पाहूं. ऑस्ट्रियाचा ड्यूक रुडॉल्फ चौथा यानें १३५८-५९ च्या सुमारास आपल्या घराण्याच्या थोरवीच्या बनावट सनदा तयार करविल्या आणि त्यांत जूलिअस सीझर व नीरो यांच्या नांवांचीं पत्रें घुसडलीं. पेट्रार्क या पंडितानें तीं पत्रें खोटीं असल्याचें तेव्हांच दाखवून दिलें. तरी पुढें त्याच हाप्सबुर्ग घराण्यांतला पुरुष बादशहा झाला आणि १४५३ सालीं त्यानें त्याच सनदांवर आपली मोहोर उठविली! स्वीडनच्या गादीवरील आजच्या घराण्याचा मूळपुरुष बेर्नादोत हा फ्रान्समधल्या एका वकिलाचा मुलगा; १७८० सालीं तो साधा शिपाई म्हणून फौजेंत शिरला आणि १८१८ सालीं राजा झाला. आणि ज्यांचें राज्य आपण सोसलें ते इंग्रज? १७१४ सालीं त्यांनीं जवळचे पन्नासांवर वारस कॅथलिक म्हणून बाजूस सारले आणि हॅनोव्हरचा जर्मन जॉर्ज आणून बसविला. पुढें १९१७ सालीं, जर्मनीशीं लढाई चालू असतां, पांचव्या जॉर्जनें एका जाहीरनाम्यानें घराण्याचें जर्मन नांव टाकून 'विंडसर' हें नांव घेतलें. सारांश, गादी आधीं मिळते. वंश मागून सोयीनें लिहिला जातो.

आतां घरचें पाहूं. पुणें व सुपें हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरींतले. हिंगणी बेरडी, देऊळगांव या आमच्या आसपासच्या गांवांची पाटिलकी भोसल्यांकडे होती. शिवाजी महाराजांनीं गड घेतले, आरमार उभारलें, १६६६ सालीं ते आग्र्याहून निसटले; तें कांहीं वंशावळ दाखवून नव्हे. १६७४ सालीं राज्याभिषेकाची गोष्ट निघाली आणि क्षत्रियत्वाचा प्रश्न पुढें आला. काशीचे गागाभट्ट आले, उदेपूरच्या सिसोद्यांशीं नातें सांगितलें गेलें, चव्वेचाळिसाव्या वर्षीं महाराजांची मुंज लागली आणि मग ६ जूनला अभिषेक झाला. हें नातें यदुनाथ सरकारांनीं रचलेलें ठरविलें, मुधोळच्या घोरपड्यांकडील फर्मानें दाखवून दुसऱ्यांनीं तें खरें मानलें, रा. चिं. ढेऱ्यांनीं भोसल्यांचें मूळ दक्षिणेंतल्या होयसळांकडे नेलें. आम्ही त्या वादांत पडत नाहीं. आमचें विचारणें एवढेंच, कीं यांतलें कांहींहि खरें ठरलें तरी रायगडाचा एक चिरा हालतो काय?

बरें, तो कागद तरी पुरला काय? १८९९ सालीं कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींसाठीं पंचगंगेवर पुराणोक्त मंत्रच म्हटले गेले, कां, तर राजा शूद्र! सव्वादोनशें वर्षांत वंशावळीची किंमत ही झाली. कोणी म्हणेल, शाहू महाराजांनींहि वेदोक्ताचा हक्क मागितलाच कीं. होय, मागितला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहींत. १९०२ सालीं त्यांनीं रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांस राखून ठेवल्या. आणि ज्या १९१७ सालीं इंग्रजांचा राजा आडनांव बदलीत होता, त्याच सालीं आमचा राजा प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करीत होता. दोहोंपैकीं कोणत्या कामाची सावली आपल्या घरावर पडली, हें वाचकांनींच ठरवावें.

आम्हां मास्तरांस हिशेबाची खोड. फळ्यावर मांडून पाहा: आईबाप दोन, आजेआज्या चार. असें दुप्पट करीत गेल्यास दहाव्या पिढीस एक हजार चोवीस पूर्वज होतात, विसाव्या पिढीस दहा लाखांवर आणि तिसाव्या पिढीस शंभर कोटींवर. तेवढीं माणसें त्या काळीं सगळ्या पृथ्वीवर नव्हतीं. म्हणजे तेच पूर्वज पुन्हां पुन्हां येतात आणि राजाचे व कुळवाड्याचे आजे कोठें तरी एक होतात. वंशावळ लिहिणारा त्यांतली बापाकडची एक ओळ धरतो आणि बाकी सगळ्यांस, विशेषतः सगळ्या आयांस, खोडून टाकतो.

आपणांस हलका ठरविणारा दाखला फाडावयाचा आणि शेजाऱ्याहून उंच ठरविणारा विकत घ्यावयाचा, हा न्याय कोठला? शिडी तीच ठेवून आपण एक पायरी वर चढलों, तर खालच्याच्या डोक्यावर आपलाच पाय पडणार.

१२ मे १८७५ रोजीं याच सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. त्यांतल्या बहुतेकांस वाचतां येत नव्हतें; पण दुसऱ्यानें लिहिलेला कागद घर कसें बुडवितो, हें त्यांस पुरतें कळलें होतें. त्यांच्या पणतवंडांनीं पांच हजार मोजून नवा कागद भिंतीला टांगावा आणि वाचूं लागलेली मुलगी घरीं बसवावी काय? फीची मुदत अजून टळलेली नाहीं. त्या बापास आमचें सांगणें एवढेंच, कीं कुळाचें नांव जें काय व्हावयाचें तें तुमच्या मुलीपासून पुढें व्हावयाचें आहे.