लॅपटॉप घ्यायला जाताना कापडाचा तुकडा सोबत न्या

कापडाच्या धंद्यात वय घालवलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. गिऱ्हाईक दुकानात बसून दहा तुकडे पाहते, एक पसंत करते, आणि पैसे काढण्यापूर्वी तो तुकडा घेऊन दाराशी जाते. ट्यूबलाइटखाली आमसुली वाटलेला रंग उन्हात जांभळा निघू शकतो, हे त्याला ठाऊक असते. आम्हीही सुरतेत माल घेताना हेच करतो. दुकानात कितीही झगमगाट असो, ठाण उचलून बाहेर उजेडात नेल्याशिवाय सौदा पक्का करीत नाही. आता मात्र निम्मा सौदा फोटोवर होऊ लागला आहे, आणि फोटो काही दाराशी नेता येत नाही.

आमचे वेवजी तलासरी तालुक्यात असले तरी हद्दीला इतके लागून आहे की पलीकडचे सोळसुंबा आणि उंबरगाव स्टेशन गुजरातेत मोडते. त्यामुळे आमची गिऱ्हाइके दोन्ही राज्यांत पसरलेली. पूर्वी नमुन्याचे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून माणूस डहाणू, बोर्डी, तलासरी, संजाण असा फिरवावा लागे. आता सकाळी गठ्ठा फुटला की दुपारी त्याचे फोटो किरकोळ दुकानदारांच्या मोबाइलवर पोहोचतात. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण या सोयीने आम्हाला गेल्या ईदच्या हंगामात चांगलाच दणका दिला, तो सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे पटणार नाही.

डाळिंबी रंगाच्या ४० ड्रेस मटेरियलचे फोटो आम्ही धाडले होते. भाच्याने ते दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर दुरुस्त केले. त्या स्क्रीनवर डाळिंबी विटकरी दिसत होता, म्हणून त्याने रंग चढवला. कापड शेजारी धरून पाहिले, जुळल्यासारखे वाटले, फोटो रवाना केले. गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर तो रंग भडक राणी होऊन पोहोचला. १७ नग परत आले. जाण्यायेण्याचे भाडे आमच्या माथी, आणि हंगाम संपल्यावर तो माल पडत्या भावाने काढावा लागला. त्याहून लागले ते एका जुन्या गिऱ्हाइकाचे बोलणे: "चाचा, फोटोत एक दाखवता आणि देता दुसरेच." आमची नियत फसवण्याची नव्हती. पण ज्याच्या हातात वेगळा माल पडला त्याला आमची नियत कुठून दिसणार? धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून देण्याचा प्रसंग आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेला आहे. वरचा कोरडा दाणा आणि फोटोतला चढवलेला रंग, यांत फरक तो काय?

तेव्हा नवा लॅपटॉप घ्यायचे ठरले. आमची पिढी उर्दू शाळेत शिकलेली. इंग्रजीत छापलेला तो गुणांचा कागद हातात आला की आपण मुकाट्याने विक्रेत्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. आणि विक्रेता काय सांगतो? प्रोसेसर अमुक पिढीचा, ग्राफिक कार्ड तमुक जीबीचे, यावर गेमसुद्धा चालतील. अहो, आम्हाला दुपट्ट्याचा फोटो साफ करायचा आहे, गेम कुठे खेळायचे आहेत? तीन दुकाने फिरलो, स्क्रीनबद्दल एकानेही आपण होऊन शब्द काढला नाही. आमचे ठाम मत असे की कापड, दागिने, रंगकाम, भरतकाम अशा ज्या ज्या धंद्यात रंगावर भाव ठरतो, तिथे पहिले पैसे स्क्रीनवर खर्च करावेत आणि उरलेल्या पैशांत बाकीचे बसवावे.

स्क्रीनचे मापही समजून घेण्यासारखे आहे. जसा गजाच्या जागी मीटर आला आणि सर्वांचे माप एक झाले, तसे १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांनी रंगांचे एक सामाईक माप पुढे आणले. त्याला एसआरजीबी म्हणतात. १९९९ साली ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. मोबाइल, संगणक, इंटरनेटवरील फोटो हे बहुतांशी याच मापाने चालतात. ज्या स्क्रीनवर '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेले असते ती या मापातले जवळजवळ सर्व रंग दाखवू शकते. परंतु स्वस्त लॅपटॉपच्या कागदावर बहुधा '४५ टक्के एनटीएससी' असे असते. एनटीएससी हे अमेरिकेतल्या जुन्या रंगीत टीव्हीचे माप. त्याचे ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीचे सुमारे ६० ते ६५ टक्केच. अशा स्क्रीनवर लाल रंग नारिंगी-विटकरीकडे झुकतो. आमच्या डाळिंबीचे जे झाले ते नेमके हेच. फोटो ठीक होता, आमचा आरसाच मळका होता, आणि आम्ही चेहरा घासत बसलो. '७२ टक्के एनटीएससी' लिहिलेले असेल तर तो स्क्रीन एसआरजीबीच्या जवळपास पोहोचतो, हेही ध्यानात ठेवावे.

कागदावर काहीच लिहिलेले नसेल तर? बहुतेक वेळा नसतेच. त्यासाठी आमचा उपाय साधा आहे. दोनतीन अवघड रंगांचे तुकडे घ्यावेत, जसे डाळिंबी, आमसुली, चिंतामणी. सकाळच्या उजेडात, पण थेट ऊन नसताना, त्यांचे फोटो काढावेत आणि पेनड्राइव्हवर घालून दुकानात न्यावेत. लॅपटॉपवर 'नाइट लाइट' किंवा डोळे सांभाळणारा पिवळसर प्रकाश चालू असेल तर तो बंद करायला सांगावा. मग दुकानाच्या रंगीत दिव्यांपासून दूर, दाराजवळ, फोटोशेजारी तुकडा धरावा. स्क्रीन पुढेमागे कलवून पाहावी. कलवताच रंग उलटेपालटे झाले तर तो टीएन जातीचा जुना पॅनेल समजावा आणि ती वस्तू तिथेच ठेवावी. आयपीएस जातीच्या पॅनेलचा रंग बाजूने पाहिले तरी फारसा हलत नाही. विक्रेता कुरकुर करील, करू द्या. आपल्या दुकानातही गिऱ्हाईक ठाण दाराशी नेतेच ना?

ओएलईडी स्क्रीन दिसायला फार देखणी असते. पण तिचे रंग मापाच्या पलीकडे जातात. सेटिंगमध्ये एसआरजीबी न निवडल्यास साधा सुती कपडाही रेशमासारखा चमकतो, आणि मग आपण रंग कमी करून धाडतो. म्हणजे चूक तीच, फक्त दिशा उलट.

गिऱ्हाइकाच्या मोबाइलची स्क्रीन भडक असेल तर आपल्या चांगल्या स्क्रीनचा काय उपयोग, असा प्रश्न आम्हाला एकाने केला. प्रश्न रास्त आहे. त्याच्या मोबाइलवर आपला इलाज नाही. पण त्याच मोबाइलवर तो इतर शंभर फोटो रोज पाहतो आणि त्याच्या डोळ्याला त्याची सवय असते. आपला फोटो मापात असला तर चूक एकाच टोकाला राहते. दोन्ही टोकांना चूक झाली की १७ नग परत येतात.

फोटो काढतानाच अर्धे काम होते, हेही इथे सांगून टाकतो. पहिल्या फोटोत कापडाशेजारी राखाडी रंगाचे ग्रे कार्ड ठेवावे, म्हणजे नंतर संगणकावर त्या राखाडीवर बोट ठेवून बाकीचे रंग ठिकाणावर आणता येतात. साधा पांढरा कागद नको. त्यात उजळपणासाठी रसायन असते आणि तो निळसर झुकतो. आपल्या डहाणू-तलासरीकडच्या वारली कारागिरांना याची गरज आमच्याहून जास्त आहे. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, दूरदूरचे लोक फोटो पाहून चित्रे मागवतात. पण गेरूची गडद जमीन पाहून कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो. जमीन नारिंगी होते आणि तांदळाच्या पिठीच्या बारीक रेषा फटफटीत होऊन एकमेकींत मिसळतात. हाताने चार दिवस घालवून काढलेले चित्र फोटोत छापील वाटू लागते, आणि भावही मग छापील चित्राचाच मिळतो. उजेड थोडा कमी करून फोटो काढला आणि बऱ्या स्क्रीनवर तपासला तर रेष न् रेष वेगळी दिसते.

आता बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. रॅम १६ जीबी असावी. ८ जीबीवर काम होते, पण आज ८ घ्यायची असेल तर पुढे वाढवता येईल अशी जागा आहे का ते विचारावे. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती पक्की डाख देऊन बसवलेली असते. साठवणुकीला ५१२ जीबीचा एसएसडी पुरे, आणि फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर. मध्यम प्रतीचा इंटेल कोर आय ५ किंवा रायझन ५ प्रोसेसर आमच्यासारख्यांना भरपूर झाला. वेगळ्या ग्राफिक कार्डाला एक रुपयाही देऊ नये. ज्याला दुकानात एका जागीच बसून काम करायचे आहे त्याने डेस्कटॉप आणि चांगला आयपीएस मॉनिटर घ्यावा, तेवढ्याच पैशांत स्क्रीन सरस मिळते. आठवड्याला दहावीसच फोटो असतील त्याने यातले काहीच घेऊ नये, मोबाइल पुरतो.

कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला निम्म्याहून कमी पैशांत मिळतात आणि बांध्याने मजबूत असतात. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्याआधीचा माल कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. शिवाय या कार्यालयीन लॅपटॉपांची स्क्रीन बहुधा त्याच ४५ टक्क्यांची असते. पत्रे लिहायला ती ठीक, कापडाला नाही.

सॉफ्टवेअरचे भाडे फुकट भरू नये. २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या भाड्यानेच मिळतात, म्हणून आपले लोक चोरीची प्रत घालून घेतात. चोरीचा गठ्ठा आपण दुकानात घेत नाही, मग हा का घ्यावा? गिंप आणि डार्कटेबल ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आणि कायदेशीर आहेत. आमच्या भाच्याला गिंपचा हात बसायला पंधरा दिवस लागले. तयार फोटो व्हॉट्सअॅपवर एचडी निवडून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर तो दाबला जाऊन विणकर मिटते.

पैशांचे म्हणाल तर हप्त्यांवर 'नो कॉस्ट ईएमआय' लिहिलेले पाहून अनेक बांधव निर्धास्त होतात. त्यात बँक बहुधा व्याज घेतेच, विकणारा तेवढी सूट किमतीत दाखवतो, आणि व्याजावरचा जीएसटी आपल्याकडून जातो. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज दडवले जाते म्हणून रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. आम्ही भिशीचा नंबर लागेपर्यंत थांबलो आणि रोख घेतला.

जीएसटी भरणाऱ्यांसाठी हद्दीवरची एक गोष्ट महत्त्वाची. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे. ४०,००० च्या वस्तूवर ७,२०० रुपये, आणि धंद्याच्या वापरासाठी घेतल्यास ते वळते करून घेता येतात. कंपोझिशनवाल्यांना मात्र ही सवलत नाही. आम्हाला वापी जवळ पडते. पण तिथल्या बिलावर गुजरातचा राज्य कर लागला तर महाराष्ट्राच्या नोंदणीवर तो वळता होत नाही. म्हणून बिल फाडण्यापूर्वी आपला क्रमांक दाखवून आयजीएसटी लागणार का ते विचारावे, आणि आपल्या हिशोबनिसाला फोन लावावा. दुरुस्तीचा माणूस तलासरीच्या पिनकोडला घरी येतो की लॅपटॉप वापीला न्यावा लागतो, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

नव्या लॅपटॉपवर डाळिंबी जुळतो, आमसुली जुळतो. मोरपंखी अजून जुळत नाही. तो गडद निळा-हिरवा एसआरजीबीच्या मापातच पुरता बसत नाही. मोरपंखी मालाचा फोटो गेला की त्यामागून बोटभर कापड आम्ही आजही पाकिटात घालून धाडतो.