वर्गणी सर्वांची, मालकी कोणाची?

वर्ष सरत आले की युरोप-अमेरिकेतील पटावरच्या खेळांचे शौकीन एक यादी करू लागतात. येत्या वर्षी कोणकोणते खेळ घरी येऊन पोचणार, याची ती यादी असते. यांतील बहुतेक खेळ अद्याप कोणत्याही दुकानात आलेले नसतात. कित्येकांच्या सोंगट्यांचे साचेही पुरे झालेले नसतात. पैसे मात्र वर्ष-दीड वर्षापूर्वी, कधी त्याहूनही आधी, भरून झालेले असतात. लोकवर्गणीतून निघणाऱ्या खेळांची ही प्रतीक्षा आनंदाची असते, यात शंका नाही. आपल्या पैशामुळे एक नवी वस्तू जगात येत आहे, हे समाधान तयार माल उचलणाऱ्या गिऱ्हाइकाला लाभत नाही. तथापि या आनंदाच्या पोटात अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. भांडवल पुरविणारा कोण, जोखीम वाहणारा कोण आणि मालक कोण, हा तो प्रश्न होय.

या व्यवहाराची रीत साधी आहे. खेळाचा कर्ता आपली कल्पना, नमुन्याची चित्रे व आवश्यक रक्कम जाहीर करतो. ठरलेल्या मुदतीत तेवढी रक्कम जमली तर पैसा त्याच्या हाती पडतो; न जमली तर कोणाकडूनच काही घेतले जात नाही. या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध मध्यस्थ संस्था किकस्टार्टर ही न्यूयॉर्कमध्ये २००९ साली सुरू झाली. जमलेल्या रकमेचा शेकडा ५ हिस्सा ती आपली दलाली म्हणून घेते. पैसे हाताळण्याचा खर्च निराळा. २०१५ साली ‘एक्स्प्लोडिंग किटन्स’ नावाच्या एका पत्त्यांच्या खेळासाठी सुमारे २ लाख १९ हजार लोकांनी ८७ लाखांहून अधिक डॉलर दिले. २०२० साली ‘फ्रॉस्टहेवन’ या खेळासाठी ८३ हजारांवर लोकांकडून सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर जमा झाले. म्हणजे सरासरीने माणशी दीडशे डॉलरांहून थोडे अधिक. ही रक्कम हौशी मंडळींच्या किरकोळ भिशीची नव्हे, एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्याच्या भांडवलाची आहे.

या पद्धतीने काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यासाठी पटावरच्या खेळांचा थोडा इतिहास आठवला पाहिजे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्‌स गेम’ या खेळाचे पेटंट मिळविले. जमिनीच्या मक्तेदारीने भाडेकरू कसा नागवला जातो, हे खेळता खेळता लोकांना उमगावे आणि हेन्री जॉर्ज यांचा जमीन-कराचा विचार घरोघरी पोचावा, हा त्यांचा हेतू होता. पुढे त्याच खेळातून ‘मोनॉपली’ निपजला. १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने मॅगीबाईंचे पेटंट ५०० डॉलरांना घेतले, विक्रीतील हिस्सा त्यांना दिला नाही, आणि कर्तेपणाचा मान कित्येक दशके दुसऱ्याच्या नावे राहिला. मक्तेदारीचा निषेध करण्यासाठी जन्मलेला खेळ मक्तेदारीचेच कौतुक शिकवू लागला. छापखाना, गोदाम व दुकाने ज्याच्या हाती, खेळाचा अर्थही अखेर त्याच्याच हाती गेला.

१९७८ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील मार्क्सवादी प्राध्यापक बर्टेल ऑलमन यांनी ‘क्लास स्ट्रगल’ हा खेळ काढला, तेव्हा त्यांच्यापुढे दुसराच पेच उभा राहिला. वर्गसंघर्षाचा खेळ विकण्यासाठी त्यांना स्वतःच कंपनी काढून व्यापारी व्हावे लागले. या विसंगत अनुभवावर त्यांनी १९८३ साली एक पुस्तकही लिहिले. खेळ अखेर ॲव्हलॉन हिल या प्रस्थापित प्रकाशकाकडे गेला.

या पार्श्वभूमीवर २०२१ साली लोकवर्गणीला लावलेला ‘हेजेमनी’ हा खेळ पाहावा. कामगार वर्ग, मध्यम वर्ग, भांडवलदार वर्ग आणि राज्यसंस्था अशा चार पक्षांनी वेतन, कर, शिक्षण, आरोग्य यांच्या धोरणांवर झगडावे, अशी त्याची रचना आहे. अशा विषयाला हात घालण्यापूर्वी एखाद्या मोठ्या कंपनीच्या विक्रीखात्याने दहा वेळा विचार केला असता. येथे हजारो सामान्य खेळाडूंनी आगाऊ पैसे भरून तो शक्य केला आणि २०२३ साली तो लोकांच्या हाती पडला. त्याच सुमारास कोल वेर्ले यांच्या ‘जॉन कंपनी’ या खेळाची दुसरी आवृत्तीही अशाच वर्गणीतून निघाली. लंडनमधील काही घराणी ईस्ट इंडिया कंपनीतील जागा व नफा यांसाठी कशी स्पर्धा करीत होती, हे तीत दाखविले आहे. त्या पटावर मुंबई आहे, मराठा मुलूखही आहे. दूर बसून हिंदुस्थान लुटणाऱ्यांच्या नजरेतून तो खेळाडूला दिसतो आणि म्हणूनच अस्वस्थ करतो. प्रस्थापित प्रकाशकांची मेहेरबानी न घेता असे खेळ निघू शकले, हे लोकवर्गणीचे खरे श्रेय आहे.

परंतु श्रेय मान्य केल्यावर हिशेबही मागितला पाहिजे. वर्गणीदार जे देतो ते अर्थशास्त्राच्या भाषेत काय आहे? ती किंमत म्हणावी तर वस्तू अस्तित्वात नाही. कर्ज म्हणावे तर व्याज नाही, तारण नाही, परतफेडीचे बंधन नाही. भागभांडवल म्हणावे तर नफ्यात वाटा नाही आणि कारभारात मत नाही. देणगी म्हणावी तर वस्तू देण्याचे वचन दिलेले आहे. ‘फ्रॉस्टहेवन’ची रक्कम शेकडा ५ या माफक दराने बँकेकडून उचलली असती तर एका वर्षाचे व्याजच साडेसहा लाख डॉलर झाले असते, आणि तो खेळ लोकांच्या घरी पोचण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. यावर असे उत्तर दिले जाते की वर्गणीदाराला खेळ दुकानापेक्षा स्वस्त पडतो, किंवा चार सोंगट्या अधिक मिळतात. हे उत्तर पुष्कळ अंशी खरे आहे. ती सवलत म्हणजेच त्याचे व्याज. पण व्याजाची भरपाई झाली तरी जोखमीची होत नाही. धंदा बुडाला तर पहिला पैसा वर्गणीदाराचा बुडतो, आणि धंदा फळाला आला तर त्यातून उभी राहिलेली कंपनी, तिचे नाव व तिचे हक्क सर्वस्वी दुसऱ्याचे असतात.

बुडण्याची ही भीती काल्पनिक नाही. पेनसिल्वेनिया विद्यापीठातील इथन मॉलिक यांच्या २०१५ सालच्या पाहणीत, किकस्टार्टरवर यशस्वीपणे पैसा जमविलेल्या प्रकल्पांपैकी सुमारे शेकडा ९ प्रकल्पांनी वचन दिलेली वस्तू दिलीच नाही, असे आढळले. उशीर हा तर नियमच म्हणावा लागेल. ‘द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी’ या खेळासाठी २०१२ साली १ लाख २२ हजारांवर डॉलर जमले. पुढच्याच वर्षी खेळ रद्द झाल्याचे जाहीर झाले. जमलेल्या पैशांतून घरभाड्यासारखे खाजगी खर्च भागविले गेले, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१५ साली कारवाई केली. लोकवर्गणीच्या प्रकरणात आयोगाने उचललेले हे पहिलेच पाऊल. परतफेडीचा आदेश निघाला, पण देण्याची ऐपत नसल्याने तो स्थगित ठेवला गेला. लबाडी नसली तरी हानी टळत नाही. लक्झेंबर्ग येथील मिथिक गेम्स या कंपनीने २०२० साली ‘डार्केस्ट डंजन’च्या खेळासाठी ५० लाखांहून अधिक डॉलर जमविले आणि २०२२ साली खर्च वाढल्याचे सांगून त्याच वर्गणीदारांपुढे पुन्हा हात पसरला. एकदा इसार दिलेल्या माणसाला माल सोडविण्यासाठी दुसऱ्यांदा पैसे मोजण्यास सांगणे, हा बाजारातील कोणत्या रिवाजात बसते?

या अडचणीचे मूळ व्यक्तींच्या नीतीत जेवढे आहे त्याहून अधिक व्यवहाराच्या रचनेत आहे. भाव ठरतो वर्गणीच्या दिवशी आणि खर्च ठरतो माल पोचविण्याच्या दिवशी. या दोन दिवसांमधील अंतरात जगात काय घडेल, हे कोणीच सांगू शकत नाही. २०२१ साली चीनहून अमेरिकेला जाणाऱ्या कंटेनरचे भाडे, जे महामारीपूर्वी दोन हजार डॉलरांच्या आतबाहेर असे, ते दहा हजारांच्याही वर गेले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी शासनाने चिनी मालावरील नवे आयात शुल्क शेकडा १४५ पर्यंत नेले. मे महिन्यात ते तात्पुरते शेकडा ३० वर उतरविले. पटावरच्या आधुनिक खेळांचा फार मोठा भाग चीनमध्ये तयार होतो. परिणामी, ज्यांचे पैसे दोन वर्षांपूर्वीच घेऊन झाले होते त्या खेळांचा तयार माल चिनी गोदामांत अडकला. ‘स्पिरिट आयलंड’ या वसाहतवादविरोधी खेळाच्या प्रकाशकांनी एप्रिल महिन्यातच आपल्या बहुतेक नोकरवर्गाला घरी बसविले. शुल्काचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला. त्याचा बोजा कर्मचारी आणि वर्गणीदार यांनी वाहिला.

कष्टकऱ्यांचा विचार आला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वर्गणीच्या जाहिरातीत कलावंताचे नाव असते, रचनाकाराचे असते. साच्यात प्लास्टिक ओतणाऱ्या, पत्ते कापणाऱ्या आणि खोकी भरणाऱ्या चिनी कामगाराचा उल्लेख नसतो. खुद्द किकस्टार्टरच्या कर्मचाऱ्यांनाही आपली संघटना लढूनच उभी करावी लागली. सार्वजनिक हिताची कंपनी असे बिरुद या संस्थेने २०१५ साली घेतले होते. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये ४६ विरुद्ध ३७ मतांनी संघटनेचा कौल मिळाल्यावरच तिला मान्यता लाभली. ऑक्टोबर २०२५ मध्ये चार दिवसांच्या आठवड्याच्या प्रश्नावर हे कर्मचारी संपावर गेले. दुसरीकडे मध्यस्थांचे एकत्रीकरणही सुरू आहे. पोलंडच्या गेमफाउंडने जुलै २०२५ मध्ये इंडिगोगो ही जुनी अमेरिकी संस्था विकत घेतली. प्रकाशकाच्या दारातून सुटलेला कर्ता आणि वर्गणीदार उद्या दोन-तीन दलालांच्या दारात उभे राहणार नाहीत, याची हमी कोणी दिलेली नाही.

मराठी वाचकाला वर्गणी हा शब्द नवा नाही, आणि उत्पादनासाठी वर्गणी हा विचारही नवा नाही. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेला लोकमान्य टिळकांनी बळ दिले आणि पैसा फंडातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला. त्या पैशाच्या बदल्यात कोणाला व्याज मिळाले नाही. पण जे उभे राहिले ते एका सार्वजनिक संस्थेचे राहिले आणि तेथे काचकामाचे शिक्षणही दिले गेले. सहकारी चळवळीने त्यापुढचे पाऊल टाकले. तिने भाग घेणाऱ्याला मत दिले, आणि भाग एक असो की शंभर, मत एकच ठेवले. सहकारातही पुढे अनेक दोष शिरले, हे महाराष्ट्र जाणतो. पण पैसा देणाऱ्याने हिशेब विचारावा, हे तत्त्व त्या दोषांनी खोटे ठरत नाही. दोष वाढले ते हिशेब विचारणे थांबले तेथे.

खेळांच्या लोकवर्गणीत हेच तत्त्व आणणे अशक्य नाही. जमलेली रक्कम एकदम कर्त्याच्या हाती न देता नमुना, छपाई आणि रवानगी अशा टप्प्यांनी द्यावी. प्रत्येक टप्प्याचा जमाखर्च वर्गणीदारांपुढे ठेवण्याचे बंधन असावे. वाहतूक व शुल्क यांत वाढ झाल्यास ती कोणी किती सोसायची, हे आरंभीच लिहून ठेवावे. माल कोठे व कोणत्या परिस्थितीत तयार होतो, हे सांगितले जावे. ज्यांच्या पैशावर कंपनी उभी राहते त्यांना, त्यांची इच्छा असल्यास, सभासदत्वाचा मार्ग मोकळा असावा. किकस्टार्टरने २०१२ सालीच जाहीर केले होते की आपण दुकान नव्हे. हे विधान मान्य करावे. पण दुकान नसेल तर येणारा माणूस गिऱ्हाईक नाही, तो भागीदार आहे, हेही मग मान्य करणे भाग आहे. माल येईपर्यंत भागीदार आणि माल न आला की दाता, ही सोय फार काळ चालू देता कामा नये.

हे सारे खेळांसाठीच आहे, त्यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण विश्रांतीचा वेळ हा कष्टकऱ्यांनी शतकभर झगडून मिळविला आहे, आणि त्या वेळात काय खेळावे हे ठरविण्याचा अधिकार क्षुल्लक नाही. शिवाय आज खेळांच्या बाबतीत जी रीत रुळते आहे तीच उद्या पुस्तके, यंत्रे, औजारे यांच्याही बाबतीत येऊ शकेल. येत्या वर्षी जी खोकी घरोघरी पोचतील ती उघडताना खेळाडूंनी अवश्य आनंद मानावा. तो त्यांनी आगाऊ मोल देऊन कमावलेला आहे. मात्र पुढच्या खेळासाठी वर्गणी भरण्यापूर्वी त्यांनी एकत्र येऊन जमाखर्चाची वही मागावी. ती मागणारे मोजके असतील तर त्यांना कटकटे म्हटले जाईल. ८३ हजार असतील तर वही उघडावीच लागेल.